पाण्यात म्हैस, बाहेर मोल

जुनी मोटर यॉट घ्यायला निघालेल्या माणसाला मुंबई बंदरात एक सल्ला हमखास मिळतो, तोही फुकट. सर्व्हेच्या भानगडीत पडू नका. इंजिनाचे तास बघा, बोटीवरच्या तांडेलाला विचारा, मांडव्यापर्यंत एक फेरी मारा. बोट चांगली असेल तर फेरीतच कळतं. नसेल तर सर्व्हेअर आणूनही कळत नाही, कारण तो चाळीस पानं लिहितो आणि एकाही ओळीची जबाबदारी घेत नाही. शिवाय बोट वर काढायची म्हणजे क्रेन आली, यार्ड आलं, भरतीची वेळ आली, आठवडाभराचा खोळंबा आला. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक बयाणा देऊन मोकळं होतं.

हा सल्ला देणारे सगळेच लबाड नसतात. त्यांच्यातल्या काहींची उभी हयात समुद्रावर गेलेली आहे आणि त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. सप्टेंबर २०२५ पासून नव्या यॉटवर ४० टक्के जीएसटी बसला आहे. अशा वेळी हौशी माणूस जुन्या बोटीकडे वळला तर नवल नाही, आणि वळताना हाच सल्ला त्याच्या कानावर पडणार. माझं म्हणणं सरळ आहे: पाण्यात तरंगणाऱ्या बोटीची किंमत ठरवता येत नाही. बोट वर काढायची, इंजिन थंड असताना सुरू करायचं, आणि हे सगळं अशा माणसाने बघायचं ज्याची फी सौदा झाला तरी तीच आणि मोडला तरी तीच. एवढं झाल्याशिवाय जो आकडा ठरतो, तो पॉलिशचा आणि सोफ्यांचा आकडा असतो.

आधी त्या फेरीचंच बघू. ती बहुतेक रविवारी सकाळी ठरते. तुम्ही गेटवेला पोचता, छोट्या होडीतून बोटीवर चढता, तर आत एसी गार झालेला, गाद्या धुतलेल्या आणि दोन्ही इंजिनं आधीच गुरगुरत असतात. "साहेब, तुम्हाला थांबायला नको म्हणून चालू करून ठेवली," असं सांगितलं जातं. जानेवारीचा शांत समुद्र, सतरा-अठरा नॉटचा वेग, मांडव्याला चहा, परत. तुम्ही काय तपासलंत? तापलेलं इंजिन फिरतं, एवढंच.

डिझेल इंजिनाची खरी परीक्षा पहिल्या दोन मिनिटांत असते, आणि नेमकी तीच दोन मिनिटं तुमच्या येण्याआधी उरकलेली असतात. रात्रभर बंद असलेलं इंजिन सकाळी कसं पेटतं ते बघायचं असतं. पहिल्या फटक्यात की चार वेळा किल्ली फिरवून? पेटल्यावर पांढरा धूर येतो का आणि तो किती वेळ टिकतो? थोडा धूर आला आणि विरला तर चालतं. तो रेंगाळत राहिला तर इंजेक्टर थकले आहेत किंवा कॉम्प्रेशन उतरलं आहे, नाहीतर कुठून तरी पाणी आत जातं आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. इंजिन चालू असताना तेल भरायचं झाकण उघडून बघा. भकाभका वाफ येत असेल तर रिंगांपाशी दाब निसटतो आहे. या सगळ्याला एकही यंत्र लागत नाही. लागतो तो एक नियम: बोटीवर चढलात की आधी इंजिनरूममध्ये उतरायचं आणि ब्लॉकवर तळहात टेकवायचा. गरम लागला तर मालकाला हसून सांगायचं, "आज राहू दे, उद्या सकाळी येतो."

दुसरी गोष्ट थ्रॉटलची. दलाल पूर्ण थ्रॉटल टाकू देत नाही. "इंजिनाला कशाला त्रास" हे त्याचं ठरलेलं वाक्य. अर्ध्या थ्रॉटलवर कुठलंही इंजिन शहाण्यासारखं वागतं. समजा इंजिनाच्या पाटीवर २८०० फेरे लिहिले आहेत आणि भरल्या टाक्यांनिशी बोट २५५०च्या पुढे जात नाही. याचा अर्थ पंखा चुकीचा आहे, नाहीतर तळ घाण आहे, नाहीतर इंजिनातच दम उरलेला नाही. कारण कुठलंही असो, अशा अवस्थेत ती बोट दोन हंगाम चालली असेल तर इंजिनाने कायम जास्तीचा भार ओढला आहे आणि त्याची किंमत आता तुम्ही मोजणार आहात. पूर्ण थ्रॉटलवर दहा-पंधरा मिनिटं धरल्यावर तापमानाचा काटा चढतच राहिला तर थंड करणारी यंत्रणा तुंबली आहे. यावर मालक म्हणतो, "तळाला शेवाळ आहे हो, म्हणून." असेल. मग तळ साफ करा आणि पुन्हा चालवा. तळ साफ करायचा तर बोट वर काढावी लागेल, म्हणजे मला जे हवं आहे तेच.

इथे एक बाजूची गोष्ट सांगून टाकतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जीव गेले. चाचणीत बोट तिच्या मर्यादेपर्यंत नेतात, आणि मर्यादेवर काहीही होऊ शकतं. म्हणून बोट तपासायच्या फेरीला बायको-मुलं आणि मित्रमंडळींना नेऊ नका. ती मोकळ्या पाण्यात, फेरीबोटींच्या वाटेपासून दूर आणि जाणत्या माणसाच्या हाती सुकाणू देऊनच व्हायला हवी. पाहुणे नेता येतात ती सहल.

आता तासांचा मुद्दा. "दहा वर्षांत फक्त तीनशे तास!" हे वाक्य विकणारा अभिमानाने म्हणतो आणि घेणारा आनंदाने ऐकतो. तीनशे तास भागिले दहा म्हणजे वर्षाला तीस तास. त्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बोट बंदच. म्हणजे हे इंजिन वर्षातले जवळजवळ सगळे दिवस खाऱ्या, दमट हवेत नुसतं उभं आहे. समुद्रातलं डिझेल चालून मरतं त्यापेक्षा उभं राहून लवकर मरतं. इंजिनाचा आफ्टरकूलर हे याचं अगदी जवळचं उदाहरण. टर्बोने दाबलेली तापलेली हवा तिथे समुद्राच्या पाण्याने थंड होते. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला सिलिंडरकडे निघालेली हवा, मध्ये पातळ नळ्या आणि रबराच्या रिंगा. तो ठरावीक काळाने उघडून, साफ करून, नव्या रिंगांनी बसवायचा असतो. तास कमी म्हणून मालकाने तो कधी उघडलेला नसतो. मीठ मात्र तास मोजत नाही. एक दिवस पाणी हवेच्या वाटेने आत शिरतं आणि इंजिन खोलावं लागतं. एक्झॉस्टच्या ज्या बाकात गरम धुरात समुद्राचं पाणी मिसळतं, त्याची तीच कथा. तो आतून सडतो, बाहेरून रंग लावलेला दिसतो. तेव्हा मीटरवरचे तास नंतर विचारा, आधी आफ्टरकूलर शेवटचा कधी उघडला त्याचं बिल मागा. बिल नसेल तर उघडलाच नाही असं धरून किमतीत मांडा.

आणि तास मोजायचेच असतील तर जनरेटरचेही मोजा. गेटवेसमोर नांगर टाकून दिवसभर पार्टी चालते, मुख्य इंजिनं बंद असतात आणि एसीसाठी जनरेटर अखंड धडधडत असतो. भाड्याने फिरलेल्या बोटीत मुख्य इंजिनाच्या कितीतरी पट तास जनरेटरचे निघतात, आणि त्याच्याकडे बघायचं बहुतेकांना सुचत नाही.

कागद दाखवणारे वेगळे. त्यांचं म्हणणं, बोटीचा सरकारी सर्व्हे झालेला आहे, विमाही चालू आहे, मग आणखी कोणाला कशाला बोलवायचं? इनलँड व्हेसल्स कायद्याखाली नोंदलेल्या बोटीला सर्व्हेचं प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. ते प्रमाणपत्र हवंच, ते नसलेल्या बोटीकडे फिरकूही नका. पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं. ही बोट अमुक माणसं घेऊन अमुक पाण्यात चालायला योग्य आहे का, लाइफ जॅकेट, आग विझवायची साधनं, दिवे आहेत का, हा त्याचा विषय. डेकच्या पोटातलं लाकूड कुजलंय का आणि बोट मागितलेल्या पैशांची आहे का, हे विचारलेलंच नसतं. विम्याचं तर विचारूच नका. पॉलिसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर नेहमीची झीज विमा कंपनी भरून देत नाही, हे १९६३च्या सागरी विमा कायद्यातच आहे; आणि जुन्या बोटीत जे जे खर्चिक निघतं, ते बहुतेक झीज या एका शब्दात बसतं.

तांडेलाबद्दल मात्र मला जपून लिहायचं आहे, कारण त्या बोटीविषयी जगात सगळ्यांत जास्त माहिती त्यालाच असते. बिल्जचा पंप दिवसातून किती वेळा चालू होतो, कुठल्या लाटेवर कुठली फळी करकरते, गेल्या वर्षी कुठल्या खडकाला घासली, त्याला सगळं ठाऊक आहे. पण तो मालकाच्या पगारावर आहे आणि मालक शेजारी उभा आहे. अशा वेळी "तांडेल, बोट कशी आहे?" असं विचारणं म्हणजे त्याला खोटं बोलायला लावणं. तो "एक नंबर, साहेब" म्हणणार, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. त्याला मत विचारू नये, काम विचारावं. इंपेलर कधी बदलला? डिझेल फिल्टरमध्ये पाणी येतं का? पावसाळ्यात बोट कुठे शाकारता? इतर धातू वाचवायला तळाशी लावलेलं झिंक किती महिन्यांत संपतं? जो माणूस काम करतो तो कामाबद्दल सहसा खरं बोलतो. झिंक दोन महिन्यांत संपतं, असं तो सहज बोलून गेला तर बोटीत कुठेतरी वीज गळते आहे हे तुम्हाला कळलं. पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. इमारतीत वापरतात ती साधी वायर बोटीत ओढलेली नेहमी सापडते. तिचं टोक दोन इंच सोलून बघा, आतलं तांबं काळं पडलेलं असेल.

आता मुद्द्यावर येतो. बोट पाण्याबाहेर काढणं ही चैन आहे, असं ज्यांना वाटतं त्यांना मी विचारतो: पाण्याखाली काय काय आहे ते सांगा बरं. तळ, पंखे, शाफ्ट, शाफ्टची बेअरिंगं, सुकाणू, झिंक, आणि बोटीच्या अंगाला पाडलेली ती सगळी भोकं ज्यांतून पाणी आत-बाहेर करतं. बोट बुडवू शकेल असं जवळजवळ सगळं तिथे आहे, आणि तेच न बघता मोल करायचं. आपल्या म्हशीच्या म्हणीची याहून चांगली फोड मला माहीत नाही.

वर काढलेल्या बोटीखाली उभं राहून काय दिसतं ते सांगतो. पंख्याच्या पात्याची कड नखाने खरवडा. पितळी पिवळेपणाऐवजी तांबूस-गुलाबी रंग निघाला तर धातूतलं जस्त निघून गेलं आहे आणि उरलं ते ठिसूळ आहे. पाणी आत घेणाऱ्या सीकॉकचा धातूही असाच बघायचा, कारण स्वस्तातली पितळी फिटिंग खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं धड दिसते आणि एक दिवस हातात येते. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखड झाली तर बेअरिंग गेलं. फायबरच्या तळावर नाण्याएवढे फोड आहेत का बघा, आणि हे बघणं बोट वर आल्याबरोबर करायचं. यार्डात महिनाभर सुकली की फोड बसतात आणि तळ गुळगुळीत दिसू लागतो. "बोट वरच आहे साहेब, केव्हाही येऊन बघा," हे आमंत्रण म्हणूनच जरा सावधपणे घ्यावं. फोड फोडून आंबट वासाचं पाणी निघालं तरी घाबरून पळू नका. फोड हा बहुधा खर्चाचा विषय असतो, बुडण्याचा नव्हे. ओलावा मोजायचं मीटर घेऊन कोणी ऑगस्टच्या सरीत फिरत असेल तर त्याच्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, ओल्या अंगावर ते काहीही दाखवतं.

खरं भय तळापेक्षा डेकमध्ये असतं, आणि ते बघायला क्रेनही लागत नाही. अनेक यॉटच्या डेकला वर-खाली फायबरचा पातळ थर आणि मध्ये बाल्सा लाकूड असतं. हलकं आणि ताठ. त्या लाकडात पाणी शिरता कामा नये. पण कोणीतरी नंतर रेलिंगचा खांब बसवतो, छताला पत्र्याची चौकट मारतो, स्क्रू पिळतो आणि भोक सीलबंद करायचं विसरतो. मुंबईचा एक पावसाळा पुरतो. प्लास्टिकच्या डोक्याची लहान हातोडी घ्या आणि खांबाच्या बुडाभोवती हळूहळू ठोकत चला. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. ठोकता ठोकता एका ठिकाणी तो बसका होतो, हातोडी उसळत नाही. तिथे खडूने खूण करा आणि पुढे ठोकत राहा, आवाज पुन्हा टणक होईपर्यंत. खुणा जोडल्या की दिसतं, एका स्क्रूच्या भोकातून शिरलेल्या पाण्याने तीन फूट डेक खाल्लेला आहे. वरून जेलकोट आरशासारखा चमकतो आहे. वरून कीर्तन, आतून तमाशा. ही हातोडी फेरीत सोबत नसते.

विरोधकांचा सगळ्यांत जड मुद्दा मी आतापर्यंत राखून ठेवला आहे, कारण तो बराचसा खरा आहे: सर्व्हेअर काही कामाचे नसतात. अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं की बंद पॅनेलमागचं पाहिलं नाही, टाक्या पाहिल्या नाहीत, इंजिन उघडलं नाही, वायरिंग दिसेल तेवढंच पाहिलं. पुढची पानं फोटोंनी आणि "समाधानकारक" या शब्दाने भरलेली. असे अहवाल मी वाचले आहेत आणि त्यांची लाज वाटावी अशीच स्थिती आहे. पण यातून निघतं काय? असा सर्व्हेअर बहुतेक वेळा दलालाच्या ओळखीतला असतो. त्याला पुढचं कामही दलालच देणार आहे, आणि जो सौदे मोडतो त्याला दुसऱ्यांदा कोणी बोलावत नाही. दोष तपासणीचा नव्हे, तपासणाऱ्याची भाकरी कोणाच्या चुलीवर भाजते त्याचा आहे. तो माणूस तुम्ही शोधा, पैसे तुम्ही द्या, आणि तो काम करत असताना दिवसभर तिथे उभे राहा. पॅनेल बंद असेल तर मालकाची परवानगी घेऊन ते उघडायला लावा. इंजिनासाठी वेगळा माणूस आणा, त्या बनावटीची इंजिनं खोललेला. फायबर ओळखणाऱ्याला आफ्टरकूलर कळतोच असं नाही. इंजिनाच्या आणि गिअरबॉक्सच्या तेलाचे नमुने प्रयोगशाळेत पाठवा. लोखंड, शिसं, तांबं, सोडियम यांचे आकडे खूप काही सांगतात. तेल कालच बदललेलं असेल तर ते काहीच सांगत नाहीत, आणि विकायच्या आदल्या आठवड्यात तेल का बदललं, हा प्रश्न तुम्हाला आयताच मिळतो.

फेरीवाल्यांना कदाचित माहीत नसलेली एक गोष्ट कायद्यात आहे. आपल्या १९३०च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ मुळात खरेदीदाराच्या बाजूचं नाही. काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी विकणाऱ्याने दिली असं ते धरत नाही. त्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोगा असलाच पाहिजे, हा त्यातला एक अपवाद. पण त्यालाही शेपूट आहे: खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते त्यांच्याबद्दल ही अट लागू नाही. म्हणजे तुम्ही बोटीवर चढलात, इंजिनरूममध्ये डोकावलात, मांडव्याला जाऊन आलात, की समोरचा वकील म्हणायला मोकळा: यांनी बोट तपासली होती. अर्धवट बघण्याने तुम्हाला बोट कळत नाही, आणि न्यायालयात बघितल्याचा शिक्का मात्र बसतो. खाजगी मालकाकडून घेतलीत तर एवढाही आधार नाही.

कागदांचं थोडक्यात. बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे वरच्या बाजूला हलचा नंबर कोरलेला असतो. अमेरिकन बोटीला १२ अक्षरांचा, युरोपातल्या बोटीला पुढे देशाची अक्षरं जोडून १४चा. शेवटच्या अक्षरांत साल असतं. ते जाहिरातीतल्या सालाशी, आणि इंजिनांचे नंबर नोंदणीच्या कागदाशी जुळवून बघा. आयात बोट असेल तर सीमाशुल्क भरल्याचा पुरावा, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

राहतो एक आक्षेप: इतकं खणलं तर प्रत्येक जुन्या बोटीत काहीतरी निघणारच, मग घ्यायचं काय? निघणारच, आणि ते निघावं म्हणूनच खणायचं. झिंक, बेअरिंग, काळ्या पडलेल्या वायरी, शंभर फोड हे सगळं किमतीतून कमी करायचं आणि बोट घ्यायची. इंजिनाखालच्या पायाचं लाकूड कुजलेलं असेल, डिझेलची टाकी सडलेली असेल आणि ती काढायला इंजिन उचलावं लागणार असेल, किंवा बाजूच्या भिंतींच्या पोटात पाणी शिरलं असेल, तर कितीही स्वस्तात मिळाली तरी नको. कारण दुरुस्ती बोटीच्या किमतीला गाठते.

तेव्हा बयाणा देताना एका कागदावर लिहून घ्या: बोट वर काढून, थंड इंजिन सुरू करून आणि पूर्ण थ्रॉटलवर चालवून बघितली जाईल, वर काढायचा खर्च माझा, समाधान झालं नाही तर बयाणा परत. प्रामाणिक मालकाला यात हरकत नसते, कारण त्याचा खर्च शून्य आहे. हरकत निघाली आणि "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" असं ऐकवलं, तर त्या गिऱ्हाइकाला ती बोट खुशाल घेऊ द्या. पावसाळ्यात ती यार्डात वर निघेलच, तेव्हा खाली उभं राहून फुकट बघता येईल.